प्रमिलाकाकूंनी दुरुस्त केलेले पिक्चर

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक पिक्चर दोनदा लागायचा. एकदा वर्ध्याच्या टॉकीजमध्ये आणि दुसऱ्यांदा रविवारी सकाळी, बुद्धवंदना आटोपल्यावर, विहाराच्या ओट्यावर. पहिल्याला तिकीट लागायचं, पडदा लागायचा, अंधार लागायचा. दुसऱ्याला फक्त प्रमिलाकाकू नगराळे लागायच्या. आणि गल्लीतल्या बायकांना विचाराल तर त्या शपथेवर सांगतील की दुसरा पिक्चर जास्त चांगला असायचा, कारण तो दुरुस्त होऊन आलेला असायचा.

मी काकूंच्या समोरच्या घरात भाड्याने राहायचे. शाळेत शिक्षिका, एकटी, आणि मुख्य म्हणजे दारात स्कूटी. काकूंनी माझी ओळख करून घेतली ती स्कूटीकडे बघतच. "हे चालवता येते न तुले? मंग येत्या शुक्रवारी पिक्चरले जाऊ," असं म्हणून त्या घरात निघूनही गेल्या. हो-नाही विचारायची त्यांची पद्धत नव्हती. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर सेविकांना कामाला लावायची आणि पोरांना गोष्टी सांगायची सवय, ती निवृत्तीनंतर कुठे जाणार? नगराळेकाका सज्जन माणूस, पण त्यांना पिक्चरमध्ये बसवलं की ते पाऊण तासाने हळूच विचारायचे, "संपला का?" त्यामुळे काकूंना सोबत हवी होती.

काकू शौकीन मात्र अजिबात नव्हत्या. नटनट्यांची नावं त्यांना ठाऊक नसत आणि ती माहीत करून घ्यावीत असंही त्यांना कधी वाटलं नाही. 'तो दाढीवाला', 'ती उंच पोट्टी', 'मागच्या पिक्चरात मेलता तो', एवढ्यावर त्यांचं भागायचं. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला पिक्चरमध्ये नक्की काय आवडतं?" तर म्हणाल्या, "बसल्या जागी लोकाईच्या घरात जाऊन येता येते न. अन् कोनी चहा घे म्हनून आग्रह करत नाई."

अलीकडचे मारामारीचे पिक्चर त्यांना फार आवडायचे, कारण त्यांत झोप छान लागायची. हे मी थट्टेने म्हणत नाही. पडद्यावर बंदुका सुरू झाल्या, गाड्या हवेत उडायला लागल्या की काकूंची मान हळूहळू माझ्या खांद्यावर यायची. सगळी टॉकीज हादरत असायची आणि काकू मात्र पाळण्यातल्या बाळासारख्या. आवाज थांबला की दचकून उठायच्या आणि विचारायच्या, "काऊन थांबले?" मी म्हणायचे, "काकू, हिरो जखमी झालाय." मग त्या पदर सावरून म्हणायच्या, "मंग आता आई येईन त्याची." आणि खरोखर आई यायची.

त्यांचं म्हणणं असं की मारामारी एक नीट पाहिली की बाकीच्या झोपून पाहता येतात. पण जेवढं पाहिलं तेवढ्यावर त्यांची मतं ठाम असत. हिरो हळूहळू चालत येतो ते त्यांना पटत नसे. "तो चालून राह्यला का उभा हाय, तेच समजत नाई. तेवढ्यात माह्या पोळ्या होते." आणि पिक्चर अर्धवट सोडून 'पुढचा भाग पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांवर तर त्यांचा भलताच राग. "मी असा अर्धा स्वयंपाक करून ताटं उचलली अन् म्हनलं, बाकीचं दिवाळीले या, तं चालन का?"

पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. असाच एक धुमधडाका पाहून आम्ही बाहेर आलो. समोरच्या गाडीवर पोहे-तर्री खाल्ल्याशिवाय काकू निकाल सांगत नसत. त्या दिवशी प्लेट तशीच हातात धरून म्हणाल्या, "वर्षा, एवढे लोक मारले त्यानं. एकाच्याही घरी निरोप नाई गेला."

"काकू, ते गुंड होते."

"गुंड असन. घरून डबा घेऊनच निघाला असन न कोनी."

त्या रविवारी ओट्यावर मी पहिल्यांदाच मुद्दाम बसले, बघू या ह्या काय सांगतात म्हणून. काकूंनी हिरोला दहा मिनिटांत उरकलं. मग त्यांनी निळ्या शर्टातला एक गुंड धरला. पडद्यावर तो चौथ्या मजल्यावरून खाली पडताना जेमतेम दिसला होता. काकूंच्या पिक्चरमध्ये तो पडला तो थेट कापसाने भरलेल्या ट्रकवर. ट्रक निघाला देवळीच्या जिनिंगला. तिथे शेटजींनी विचारलं, कोन रे तू? हा रडायला लागला. शेटजींनी त्याला चौकीदार ठेवून घेतलं, आणि पहिल्या पगारात त्याने आईला चष्मा करून दिला. ऐकायला बसलेल्या गल्लीतल्या शेवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी तर तोच पिक्चर तिकीट काढून पाहिला होता, पण मलाही त्या निळ्या शर्टाची काळजी लागून राहिली होती हे तेव्हाच कळलं.

दुसऱ्या जातीचे पिक्चर मी त्यांना दाखवले. कुणी तरुण मुलांनी उसनवारीच्या कॅमेऱ्यावर काढलेले, ज्यात गाणी नसतात, हिरो आपल्या-तुपल्यासारखा दिसतो आणि माणसं बोलण्यापेक्षा खिडकीबाहेर जास्त बघतात. आमच्या टॉकीजला असले पिक्चर आले तर दुपारचा एखादा खेळ, तोही कुणी बघत नाही अशा वेळी. मी घाबरतच काकूंना नेलं. मनात म्हटलं, गोळीबारात झोपणारी बाई इथे घोरेल आणि उरलेले चार प्रेक्षक आपल्याला बाहेर काढतील.

पिक्चर एका नवरा-बायकोचा होता. दोघं एका खोलीत मटार सोलत बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. बराच वेळ बोलत नाहीत. मलाच दोन जांभया आल्या. बाजूला पाहिलं तर काकू खुर्चीच्या अगदी काठावर, डोळे मोठे करून बसलेल्या. बाहेर आल्यावर पहिली तक्रार उजेडाची. "त्याच्या घरची लाईन गेलती का? सारा पिक्चर संध्याकाळचाच." मग पोहे खाता खाता त्या म्हणाल्या, "पन झोप नाई आली मले. ते दोघं बोलत नाई न, तं सारखं वाटे का आता बोलन, आता बोलन. डोळा लावला अन् तेवढ्यात बोलले तं?"

रविवारी काकूंनी त्या दोघांना बोलतं केलं. बायको म्हणते, एवढे मटार कोन खाते. नवरा हसतो. मग ती हसते. मग दोघं उसळ करतात. मी ओट्यावरून उतरल्यावर काकूंना गाठलं आणि माझी सगळी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, "काकू, ते बोलत नाहीत हाच तर पिक्चर काढणाऱ्याचा मुद्दा होता."

"असन त्याचा मुद्दा," काकू म्हणाल्या. "पन तो मुद्दा सांगून घरी गेला. ते दोघं माह्या डोक्यात तसेच बसून होते. दया आली मले."



या दुरुस्त्यांचा परिणाम असा झाला होता की आमच्या अख्ख्या गल्लीला पिक्चरचे शेवट चुकीचे पाठ होते. कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण चूक आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ते उघड झालं देवळीला एका लग्नात. पंगतीत आमच्या बायका एका बाजूला आणि नवरदेवाकडच्या समोर. बोलता बोलता एका गाजलेल्या पिक्चरचा विषय निघाला. समोरची बाई हळहळून म्हणाली, बिचारी बहीण शेवटी मरते. आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग शेवंताबाई म्हणाल्या, "मरत नाई. ते नर्सिंगचा कोर्स कराले भोपाळले जाते."

झालं. भात वाढणारे थांबले. इकडून सात-आठ जणी भोपाळच्या बाजूने, तिकडून तेवढ्याच मरणाच्या बाजूने. शेवटी एकीने मोबाईल काढून पिक्चरचा शेवटच समोर धरला. बहीण स्वच्छ मेलेली होती, तिच्यावर फुलं होती. आमच्या बायकांनी आळीपाळीने पाहिलं. शेवंताबाईंनी मोबाईल परत देत शांतपणे निकाल दिला, "मोबाईलवर कापलेला येते. पूरा पाहाले लागते." आणि ही सगळी चकमक चालू असताना प्रमिलाकाकू पंगतीच्या टोकाला खाली मान घालून जेवत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तशा म्हणाल्या, "वांग्याची भाजी बरी झाली."

आता प्रशांतबद्दल सांगायला हवं. काकूंचा एकुलता एक मुलगा. आईच्या तोंडून पिक्चर ऐकत मोठा झालेला, त्यामुळे शाळेत शेवटांवरून मित्रांशी भांडून हरलेला. पुण्याला इंजिनीअर म्हणून चांगल्या नोकरीत होता. एक दिवस फोन आला की नोकरी सोडली, पिक्चर काढतोय. काकूंनी फोन ठेवला आणि तडक माझ्याकडे आल्या. "पिक्चर पाहाचा असते. बनवाले दुसरे लोक हाय न," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन माझी भांडी घासायला लागल्या.

त्यानंतर दोन वर्षं मायलेकांचं बोलणं म्हणजे "जेवला?" "जेवलो." एवढंच. प्रशांत सणाला यायचा, वडिलांशी बोलायचा, आईच्या हातचं खायचा आणि जायचा. भांडण असं नव्हतंच, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नव्हती. मधल्या काळात त्याने मित्रांना घेऊन जाम गावाच्या चौकात आणि देवळीच्या बसस्टँडवर शूटिंग केलं. घरापासून इतक्या जवळ असून काकू एकदाही बघायला गेल्या नाहीत. मी "चला, स्कूटीवर जाऊन येऊ" म्हटलं तर म्हणाल्या, "उन्हात काय जाचं."

शेवटी पिक्चर तयार झाला आणि प्रशांतने ठरवलं की पहिल्यांदा तो आपल्या विहाराच्या सभागृहात, आपल्याच लोकांना दाखवायचा. त्या आठवड्यात आम्ही दुसऱ्याच कुठल्याशा पिक्चरहून परत येत होतो. काकू मागे बसल्या होत्या. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "वर्षा, त्याचा पिक्चर खराब निघाला तं मी काय करू? चांगला हाय म्हनू, का दुरुस्त करून सांगू? दोन्हीतून त्याले समजनच."

मी म्हटलं, "चांगला निघेल काकू."

"तुले काय मालूम," त्या म्हणाल्या. "भेव वाटते मले. पहिल्यांदा पिक्चरचं भेव वाटून राह्यलं."

आणि प्रशांतचं काय? तो शनिवारी दुपारी सभागृहात पांढरा पडदा ताणून बांधत होता. मी खुर्च्या लावायला गेले होते. म्हटलं, "काय रे, टेन्शन आलं का?" तो दोरीला गाठ मारत म्हणाला, "आजचं नाई, ताई. टाळ्या काय, कोनीही वाजवते. मले उद्याचं हाय. आईनं आजवर एकही पिक्चर जसाचा तसा सांगितला नाई. माह्या पिक्चरातल्या बाईले तिनं भोपाळले पाठवलं, तं समजून घेईन मी का जमलं नाई."

आता मी मध्ये अडकले. एकीकडे आई घाबरलेली, दुसरीकडे मुलगा, आणि दोघांचं गुपित माझ्याकडे. शिक्षिका असून मला दोघांनाही काही शिकवता येईना.

संध्याकाळी पिक्चर झाला. जामच्या चौकात जांभळं विकणारी एक म्हातारी. तिचा मुलगा बसने कुठेतरी गेलेला, येतो म्हणून सांगून. बस थांबली की ती टोपली घेऊन धावते, खिडक्यांमधून जांभळं विकते आणि विकता विकता प्रत्येक खिडकीत बघते. एवढंच. बस येतात, बस जातात. मधूनमधून नुसता रस्ता दिसतो. सभागृहात पोरं चुळबुळली, कुणी उठून गेलं, दोन म्हातारे बिनधास्त झोपले. काकू माझ्या बाजूला ताठ बसल्या होत्या. अख्ख्या पिक्चरभर त्या दोनच शब्द बोलल्या. म्हातारीने पदराने कपाळाचा घाम पुसला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माही साडी." ती खरंच त्यांची होती, पोरगा दोरीवरून कधी घेऊन गेला कुणास ठाऊक. शेवटी टाळ्या झाल्या. लोकांनी प्रशांतची पाठ थोपटली. काकू चप्पल घालून सरळ घरी निघून गेल्या. पोहे नाहीत, निकाल नाही, काही नाही.

त्या दिवशी आर्वीला कुणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या बायका पिक्चरला नव्हत्या. रविवारी वंदना झाल्यावर त्या सगळ्या ओट्यावर जागा धरून बसल्या. ज्यांनी पाहिला होता त्याही बसल्या. शेवंताबाई मला म्हणाल्या, "पाह्यला मी काल. पन काकूचा कुठं ऐकला?" सभागृहाचं दार उघडं होतं आणि आत प्रशांत वायरी गुंडाळत होता. काल रात्रीच गुंडाळून झालेल्या वायरी तो पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होता, हे मला दारातून दिसत होतं.

काकूंनी सुरुवात केली. चौक सांगितला, म्हातारी सांगितली, टोपली सांगितली. एरवी काकू रिकामे भाग सोडून द्यायच्या, 'मंग तो नुसता पाह्यते, ते जाऊ द्या' असं म्हणून. त्या दिवशी म्हणाल्या, "मंग बस निघून जाते." आणि थांबल्या.

बायका वाट बघत राहिल्या. काकू काहीच बोलेनात.

"मंग?" शेवंताबाईंनी विचारलं.

"थांब न. रस्ता दिसून राह्यला," काकू म्हणाल्या.

आणि खरोखर सगळ्याजणी थांबल्या. समोर विहाराचं फाटक आणि पलीकडे गल्लीचा रस्ता, त्यावरून एक सायकलवाला गेला. कुणी हसलं नाही. मग काकूंनी पुढची बस आणली. असं त्यांनी तीन-चारदा केलं, जिथे जिथे पिक्चर गप्प होता तिथे तिथे त्याही गप्प बसल्या. शेवटी संध्याकाळ झाली, चौकातले दिवे लागले, शेवटची बस आली आणि गेली. म्हातारीने टोपली डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला.

"झालं," काकू म्हणाल्या.

"अन् पोट्टा?"

"नाई येत."

ओट्यावर एकच गलका. आर्वीहून आलेल्या बायकांना तर फसवल्यासारखं वाटलं. "आना न काकू त्याले. मेलेल्यायले आनता तुमी, हा तं जिता हाय." "शेवटच्या बसमधून उतरला म्हना न." काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आनून पाह्यलं मी. शेवटच्या बसनं आनलं, ट्रकनं आनलं, नोकरी लावून आनलं. कसाही आनला तरी तो आला का सारे त्याच्याकडेच पाह्यते. ते बाई एवढे दिवस उभी होती, ते कोनी पाह्यत नाई मंग." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "याले हात लावाले जागाच नाई ठेवली त्यानं. मी लई पाह्यलं."

आत वायरीचा आवाज थांबला होता. प्रशांत दारात येऊन उभा राहिला. हातात वायरचं वेटोळं, चेहरा लाल. माझे डोळे भरून आले आणि मला फार बरं वाटलं, हे सांगून टाकते.

महिन्याभराने माझी बदली हिंगणघाटला झाली. तिथेही टॉकीज आहे, पिक्चर लागतात, मी जाते. पण मला काकू आठवतात त्या त्याच सकाळच्या. प्रशांत अजून दारातच उभा होता, तेवढ्यात विहाराच्या फाटकातून गल्लीतल्याच कलाबाई लगबगीने आल्या. घरी पाहुणे होते म्हणून त्यांना उशीर झाला होता. चप्पल काढता काढता त्यांनी विचारलं, "सांगून झाला का? कोनाचा पिक्चर होता?"

"माह्या प्रशांतचा," काकू म्हणाल्या आणि सरकून त्यांना जागा करून दिली. "बस. पहिल्यापासून सांगतो."

कलाबाई बसल्या. एकही बाई उठून गेली नाही. प्रशांत वायरीचं वेटोळं मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसला, स्वतःचा पिक्चर ऐकायला.